हिलाल आप्पांची उचल

मला पगार किती, हे माझ्या सासऱ्यांनीसुद्धा इतक्या उघडपणे विचारलं नव्हतं. हिलाल आप्पांनी विचारलं, आणि तेही भर बाजाराच्या दिवशी, काउंटरसमोर वीस-पंचवीस माणसं उभी असताना.

"साहेब, तुम्हले सालनं काय पडस?"

मी सांगलीकडचा. सारंगखेड्याच्या अलीकडे तापीकाठी आमच्या बँकेची एक लहानशी शाखा आहे, तिथं बदली होऊन मला जेमतेम तीन आठवडे झाले होते. अहिराणी अजून कानात बसली नव्हती. 'सालनं' म्हणजे वर्षाचं, हे मला कळायच्या आत रांगेतल्या एका परोपकारी माणसानं त्याचं मोठ्या आवाजात भाषांतर करून टाकलं. आता उत्तर देणं भाग होतं. मी आकडा जरा कमीच करून सांगितला.

"दाना वरतून भेटस?"

"धान्य नाही मिळत हो."

"कपडा?"

"नाही."

"मंग उचल तरी देतस का?"

आगाऊ रक्कम मिळते का, असं ते विचारत होते. सणाला मिळते थोडी, असं मी म्हणालो. आप्पांनी समाधानानं मान हलवली आणि मागं वळून रांगेला निकाल ऐकवला, "हाऊ बी सालदारच शे. बँकना सालदार." रांग खदखदून हसली. मी त्या दिवशी घरी जाऊन बायकोवर विनाकारण चिडलो.

खानदेशात सालदार म्हणजे वर्षाच्या बोलीवर दुसऱ्याच्या शेतात राबणारा माणूस. गुढीपाडव्याला मालकाच्या ओट्यावर बोली ठरते. रोख किती, धान्य किती, कपड्याचे जोड किती, आणि कामाआधी हातात पडणारी उचल किती. पुढच्या पाडव्यापर्यंत मग ते वावर म्हणजेच त्याचं जग. हिलाल आप्पा छगनकाकांकडे सालदार होते. छगनकाका गावातले मोठे गुजर बागायतदार, माणूस हसतमुख, मूठ मात्र घट्ट. ते दर पाडव्याला आभाळी रंगाचा एक अख्खा तागा आणत आणि त्यांच्या सगळ्या सालदारांचे शर्ट त्याच ताग्यातून निघत. रस्त्यानं चार आभाळी शर्ट चालले असले तर त्यातले आप्पा ओळखायचे खांद्यावरून. केळीचे घड वाहून वाहून त्यांचा डावा खांदा उजव्यापेक्षा दोन बोटं खाली गेला होता.

जगातल्या प्रत्येक वस्तूची किंमत आप्पांकडे सालात, म्हणजे त्यांच्या एका वर्षाच्या कमाईत, तयार असे. मोटारसायकल पाऊण साल. बोअरवेल दीड साल, पाणी लागो की न लागो. आमच्या मॅनेजरांनाही त्यांनी पगार विचारून घेतला होता आणि त्यांना 'मोठा सालदार' ही पदवी दिली होती. सारंगखेड्याच्या घोडेबाजारात एकदा मी त्यांच्याबरोबर हिंडत होतो. एका पांढऱ्याशुभ्र घोड्याची किंमत ऐकून आप्पांनी बोटांवर हिशेब केला, चपला काढल्या आणि घोड्याला हात जोडले. मी म्हणालो, "हे काय आप्पा?" तर म्हणाले, "सात साल उभं शे मन्हा म्होरे. हात जोडनाच पडतस."

त्यांचा एक शब्द होता, 'बठस का?' म्हणजे बसतं का, जुळतं का. कुठल्याही व्यवहाराचं बोलणं झालं की ते डोळे बारीक करून हा प्रश्न टाकत. लग्न ठरलं, बठस का? गावात नवी योजना आली, बठस का? उत्तर 'बठस' आलं की त्यांना पुढचं काही ऐकायचं नसे.

त्यांची एकुलती एक मुलगी योगिता. अहिराणीत मुलीला आंडेर म्हणतात, आणि 'मन्ही आंडेर' म्हणताना आप्पांचा तो पडका खांदाही वर येई. पोर बारावीला चांगली पास झाली. सरकारी कृषी महाविद्यालयातली जागा थोडक्यात हुकली आणि खासगी कॉलेजात बी.एस्सी. ॲग्रीला नंबर लागला. फी, वसतिगृह, पुस्तकं मिळून चार वर्षांचा खर्च आप्पांच्या मापानं तीन साल होत होता. त्यांच्या आयुष्यातली तीन वर्षं, न खाता न पिता. ते कर्जासाठी माझ्याकडे आले.

मी शहाणपणा केला. म्हणालो, "आप्पा, ॲग्री करून पोरं कृषी केंद्राच्या गल्ल्यावर बसतात. मुलीला नर्सिंगला घाला. कोर्स संपला की नोकरी."

"तुम्ही देखं का त्या पोरेस्ले?"

"ऐकलंय."

"ऐकेल कामनं नही, साहेब. मी देखीसन येस."

आणि हा माणूस खरोखर बघायला गेला. सालदाराला सुट्टी नसते, गैरहजर राहिला की खाडा पडतो आणि पैसे कापले जातात. आप्पांनी तीन खाडे केले. कापडी पिशवीत वावरातलं एक पिवळं पडलेलं केळीचं पान घेतलं आणि एसटीनं अक्कलकुव्यापासून धानोऱ्यापर्यंत हिंडून बी.एस्सी. ॲग्री झालेली सात माणसं शोधून काढली. कोणी दुकानात होता, कोणी सरकारी खात्यात, कोणी बियाण्याच्या कंपनीत. प्रत्येकाला त्यांनी तेच तीन प्रश्न विचारले. सालनं काय पडस? शिक्षणाचं कर्ज कोण फेडतंय? आणि या पानाला काय झालंय?

चौथ्या दिवशी ते काउंटरवर कोपर टेकून उभे राहिले आणि मला अहवाल दिला. एकानं पानाकडं न बघताच औषधाची बाटली पुढं केली होती. एक जण स्पर्धा परीक्षांच्या तयारीत होता, त्यानं पान बाजूला सारून सातपुड्यातल्या शिखरांच्या उंच्या सांगितल्या. एक जण नुसताच ओशाळला. एकानं आप्पांना 'उद्या या' म्हणून परत धाडलं. उरलेल्या तिघांनी पान उन्हात धरलं, मागून-पुढून पाहिलं आणि 'हा करपा, पसरायच्या आत पानं कापा' असं सांगितलं.

"डिग्री तं सातही जनेस्कडे शे," आप्पा म्हणाले. "पान तिघेस्लेच वळखू उनं. ज्यास्ले वळखू उनं, त्या सोतना हप्ता सोता भरी ऱ्हायनात."

"आणि बाकीच्यांचा?"

"बाकीस्ना बाप भरी ऱ्हायनात."

मी अनेक वर्षं शैक्षणिक कर्जाच्या फायली हाताळल्या आहेत. पण पदवीची किंमत इतक्या नेमकेपणानं ठरवणारा माणूस मला दुसरा भेटला नाही. मी विचारलं, "मग योगिता?" तेव्हा त्यांनी आवाज खाली आणला. "पाचवीमा व्हती तव्हय माले म्हने, आप्पा, हाई केळ आजारी शे. मी म्हनू, तुले काय समजस? आठ दिनमा समदी रांग पिवळी." मग म्हणाले, "बठस, साहेब. द्या कर्ज."

इथं मी ती चूक केली, जी माझ्या मनातून अजून गेलेली नाही. कागदांवर सह्या घेताना मी त्यांना नियम सांगितले. शिकत असेपर्यंत हप्ता नाही. शिक्षण संपल्यावर एक वर्ष थांबायचं, मग हप्ते सुरू. आप्पा म्हणाले, "म्हंजे उचल."

मी म्हणालो, "हो हो, उचलच समजा."

आमच्याकडं साखर कारखाना उसाच्या बिलाचा पहिला हप्ता देतो त्याला उचल म्हणतात. बँकेतही कर्जाचे पैसे घेण्याला कर्जाची उचल म्हणतात. मला त्या शब्दात वावगं काही दिसलं नाही. पण सालदाराची उचल म्हणजे बिनव्याजी पैसा. पाडव्याला हातात पडते, वर्षभराच्या कामातून वळती होते, आणि त्यावर व्याज लावणारा मालक त्या पंचक्रोशीत अजून जन्मलेला नव्हता. आप्पांनी 'हिलाल'मधले दोन्ही 'ल' ठसठशीत काढून सही केली आणि गावभर सांगितलं की बँकेनं त्यांना तीन सालनी उचल दिली.

योगिताच्या तिसऱ्या वर्षात ते कर्जाचा उतारा घ्यायला आले. मी छापून दिला. आप्पांना आकडे चांगले वाचता येत. त्यांनी कागद जवळ नेला, लांब नेला.

"साहेब, हाऊ आकडा कोना शे?"

"तुमचाच, आप्पा. योगिताच्या कर्जाचा."

"आम्ही लिधं त्यानापेक्षा हाई जास्त शे."

"व्याज आहे ना त्यात."

"उचलवर याज?"

एवढंच म्हणाले. मला एका क्षणात सगळं उमगलं. योगिताच्या कॉलेजला व्याजाच्या सवलतीची योजनाही लागू नव्हती. काउंटरपलीकडं गर्दी होती, आप्पांनी ओरडून माझी शोभा केली असती तर मी ऐकून घेतलं असतं. ते बाकावर जाऊन बसले. अर्ध्या तासानं उठून आले आणि विचारलं, "याज महिनानं कितलं व्हस?" मी सांगितलं. तेवढं दर महिन्याला भरत गेलात तर बोजा वाढणार नाही, हेही सांगितलं, जे मी दोन वर्षांपूर्वीच सांगायला हवं होतं. आप्पांनी डोळे बारीक केले. "सुमनन्या बकऱ्या शेतस," म्हणाले. सुमन म्हणजे त्यांची बायको. बिचारीच्या बकऱ्यांचा त्या क्षणी निकाल लागला.

पुढचे सगळे महिने आप्पा व्याज भरायला न चुकता आले. मला त्यांनी कधी एका शब्दानं दोष दिला नाही. शिक्षा मात्र केली. कुणी बाप शैक्षणिक कर्जाचा फॉर्म घेऊन उभा दिसला की आप्पा त्याच्याशेजारी येऊन थांबायचे आणि मला फर्मावायचे, "साहेब, याले सांगा." मग मला भर काउंटरवर मोठ्यानं म्हणावं लागे, "ही उचल नाही. यावर पहिल्या दिवसापासून व्याज चढतं." त्या बापाला समजलं की नाही याची आप्पा खात्री करून घेत आणि मगच आपली पावती मागत. पुढं दुसऱ्या शाखांमध्येही माझ्या तोंडून हेच वाक्य निघत राहिलं. सहकारी विचारतात, हे काय नवीन? मी सांगत बसत नाही.

योगिता पहिल्या वर्गात पास झाली. आप्पांनी पेढे वाटले, आणि पंधरा दिवसांनी कंपनीचं पत्र आलं. औषधांच्या एका कंपनीत शिकाऊ म्हणून नेमणूक, गाव लांबचं, पगार महिन्याचा. आप्पांनी त्याला बारानं गुणलं. खोलीभाडं वजा केलं, जेवण वजा केलं. उरलं ते एक सालसुद्धा नव्हतं. पदवीधर मुलीची कमाई सालदार बापाच्या खाली आली होती, आणि वर्षभरात पुरे हप्ते सुरू व्हायचे होते.

गावात असली बातमी लपत नाही. छगनकाका ओट्यावरून चार माणसांत म्हणाले, "हिलाल, तीन साल लायात अन् एक साल बी ना भेटनं? पोरले मन्हाकडे निंदाले धाड. तितलं तं मी बी देस." निंदायला म्हणजे तण काढायला, बायामाणसांच्या रोजावर. लोक हसले. आप्पा निघून आले ते थेट बँकेत. मागोमाग योगिता आली. ठेंगणी, काळीसावळी, बापासारखेच डोळे बारीक करून बघणारी पोर.

"बठत नही, साहेब," आप्पा म्हणाले. त्यांच्या तोंडून हे मी पहिल्यांदाच ऐकलं, आणि मला फार वाईट वाटलं. मी पुन्हा शहाणपणाच सांगितला. नोकरी घेऊ द्या, पुढं पगार वाढेल.

योगिता माझ्याशी शाळेतलं मराठी बोलत असे. म्हणाली, "सर, तिथे मी वर्षभर दुकानादुकानात बाटल्या पोचवणार. चार वर्षं मी पिकाकडे बघायला शिकले." मग बापाकडे वळली. "आप्पा, माले दोन एकर केळी द्या. देखाडी देस."

"मन्हाकडे दोन एकर कोठे शे, माय?"

"तुम्हना नावे नही. तुम्हना हातखाल तं शे."

आप्पांनी बँकेच्या भिंतीवरचं कॅलेंडर पाहिलं. पाडवा आठ दिवसांवर होता.

त्या पाडव्याची बोली मी तिथं असलेल्या दोघा-तिघांकडून ऐकली आणि सगळ्यांनी ती शब्दाला शब्द सारखी सांगितली. आप्पा ओट्याखाली उभे राहिले आणि म्हणाले, "काका, यंदा वाढ नको. कपडा नको. नालाकाठनी दोन एकर केळी मन्ही आंडेर सांगी तशी व्हवाले पाहिजे. गया सालनं वजन तुम्हनं. त्यानावर चढी त्याम्हा अर्धं आम्हनं."

"अन् घटनं तं?"

"घटनं तं मन्हा दाना कापा."

नाल्याकाठचे ते दोन एकर म्हणजे काकांच्या बागेतला सगळ्यात रडका तुकडा. वाढ वाचत होती, कपडा वाचत होता. काका हसले आणि हो म्हणाले. सुमनबाईंनी त्या दिवशी चूल पेटवली नाही म्हणतात. घरातलं वर्षाचं धान्य नवऱ्यानं पोरीच्या शब्दावर लावलं होतं, त्या तरी काय करणार.

योगितानं पहिलं काम केलं ते खताची गोणी बंद करण्याचं. एकदम ओतायचं नाही, ठिबकच्या पाण्यातून थोडं थोडं द्यायचं. दुसरं, तिनं करप्याची पानं कापून वावराबाहेर नेऊन जाळली. बाग उघडी-बोडकी दिसायला लागली. बाकीचे सालदार तोंडाला रुमाल लावून हसत. छगनकाका एक दिवस तरातरा आले आणि बांधावरूनच ओरडले, "हिलाल, वावर नागडं कयं रे तुन्ही पोरनी! बंद कर हाई!"

योगिताच्या हातातला कोयता थांबला. आप्पा तिच्या आणि काकांच्या मधे जाऊन उभे राहिले. इतक्या वर्षांत त्यांनी मालकाला उलट उत्तर दिलेलं नव्हतं. म्हणाले, "काका, बोली व्हयेल शे." आवाज चढवला नाही. काका आले तसे तरातरा परत गेले. पोरीला आप्पा म्हणाले, "काप तू." आणि पाठ फिरवून पाण्याचा कॉक बघायला गेले. हे योगितानंच मला पुढं सांगितलं.

मे महिन्यातल्या गरम वाऱ्यात शेजारच्या बागांची पानं फाटून चिंध्या झाल्या. योगितानं बांधाला हिरवी जाळी लावली होती, त्या दोन एकरांनी तग धरला. पावसाळ्यात रांगा अंगानं भरल्या. थंडीच्या तोंडाला घड लागले तेव्हा हसणारे सालदार हसायचे थांबले, पण उघडपणे कौतुकही कुणी करेना. केळी डोळ्यानं कितीही भारी दिसो, खरं काय ते काट्यावर.

कापणीच्या दिवशी मी मॅनेजरांबरोबर पीकपाहणीला म्हणून गेलो होतो. खरं तर काम दुसऱ्या वावरात होतं, पण मीच गाडी तिकडं वळवायला लावली. व्यापाऱ्याचा ट्रक बांधाला लागला होता, खाली काटा मांडलेला. मजूर घड आणत होते, व्यापाऱ्याचा माणूस वजन पुकारत होता. गेल्या साली त्या तुकड्यातला घड सरासरी पंधरा किलोला अडकला होता, हे सगळ्यांना पाठ होतं.

आप्पा काट्याकडं पाठ करून उभे होते.

"एकवीस!" पुकारणारा म्हणाला. "तेवीस! बावीस! चोवीस!"

छगनकाका पुढं झाले. "थांब रे. काटा खोटा शे." त्यांनी घड उतरवायला लावला, चपला काढल्या आणि धोतर सावरत स्वतः काट्यावर चढले. पुकारणाऱ्यानं वाकून पाहिलं आणि मालकाचं वजन भर वावरात पुकारलं. काकांनी गेल्याच आठवड्यात दवाखान्यात वजन केलेलं होतं. बरोबर तेवढंच भरलं. आमचे मॅनेजर, जे एरवी हसण्यालाही मंजुरी घेतील असे, ते ट्रकला टेकून डोळे पुसायला लागले. काका खाली उतरले, आपणही हसले, आणि म्हणाले, "चाल, भर. काटा खरा शे."

शेवटचा घड चढला तरी आप्पा वळले नव्हते. व्यापाऱ्याच्या माणसानं बेरीज केली आणि गेल्या सालाच्या वजनावर किती चढलं ते सांगितलं. तेव्हा कुठं ते वळले. योगिता समोर उभी होती, चिकानं काळे झालेले हात ओढणीला पुसत. आप्पांनी तिच्याकडं पाहून विचारलं, "बठस का?" ती म्हणाली, "बठस, आप्पा." आणि तो उंच माणूस बांधावर खाली बसला आणि सगळ्यांदेखत रडला. मीही रडलो, लपवण्यासारखं त्यात काही नाही.

त्यानंतर योगिताला बोलावणी यायला लागली. आधी शेजारच्या बांधावरून, मग शेजारच्या गावातून. एकराला इतके, फेरीला इतके, अशी तिची कमाई सुरू झाली. स्कूटी आली, तीही आप्पांनी 'पाऊण साल' म्हणूनच घरात घेतली. हप्ते सुरू झाले आणि एकही चुकला नाही. दुसऱ्या वर्षी ती दोन दोन हप्ते एकदम भरू लागली. आप्पा मात्र सालदारच राहिले आणि छगनकाकांच्या बागेला योगिताचा सल्ला फुकट मिळत राहिला. 'घरनी पोर शे,' म्हणत काका तो घेत राहिले. आप्पा ऐकून घेत. त्यांच्या डोक्यात काही शिजतंय हे मला कळायला हवं होतं.

तिसऱ्या मार्चमध्ये कर्ज मुदतीच्या कितीतरी आधी संपलं. माझी बदली झाली होती, सामान बांधून तयार होतं. पाडव्याला बँकेला सुट्टी, म्हणून येणं-बाकी नसल्याचा दाखला मी स्वतःच घेऊन त्यांच्या घरी गेलो. मागच्या गल्लीत पत्र्याचं दोन खोल्यांचं घर, दाराशी गुढी. आप्पा अंगणात खुर्ची टाकून बसलेले. सकाळचे नऊ वाजत आले होते आणि या वेळी ते छगनकाकांच्या ओट्याखाली असायला हवे होते.

"गेला नाहीत, आप्पा?"

"यंदा नही जात," ते म्हणाले आणि दाखला दोन्ही हातांनी घेऊन कपाळाला लावला.

चहा पिऊन होतो न होतो तोच गल्लीच्या तोंडाशी माणसं दिसली. पुढं छगनकाका, मागं आणखी तीन गुजर बागायतदार. पाडव्याच्या सकाळी मालक सालदाराच्या दारात, असं त्या गावानं पाहिलेलं नव्हतं. शेजारपाजारच्या बायका दारांत येऊन उभ्या राहिल्या.

"हिलालभाऊ, बठू का?" काका म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी 'भाऊ' लावलं होतं.

"बठा ना, काका." आप्पांनी खाट दाखवली. स्वतः खुर्चीतून उठले नाहीत.

इकडचं तिकडचं झालं. मग काकांनी मुद्द्याला हात घातला. चौघांची मिळून सव्वाशे एकर केळी. योगितानं वर्षभर बघावी. काय सालनं?

आप्पांनी डोळे मिटले. त्यांनी हा हिशेब कित्येक दिवस घोकला असणार, पण त्यांना तो पुन्हा करताना बघायला सगळी गल्ली थांबली होती. "पंधरा दिनमा दोन फेऱ्या," ते म्हणाले. "ती सांगी तेच खत. मधमा कोनी बोलाव नही. चौघे मिळीसन तीन साल."

"तीन?" काकांच्या हातातला कप हिंदकळला. "एक सालना तीन साल?"

"एक सालना तीन."

चार वर्षांच्या शिक्षणाला लागलेली सगळी रक्कम ते एका वर्षाला मागत होते. मी मनात हिशेब केला आणि तो बसत होता. चौघांनी एकमेकांकडं पाहिलं. व्यापाऱ्यानं दिलेल्या वजनाच्या पावत्या त्यांच्याही घरात होत्या. काका उठले, "बरं, दिधं," म्हणाले आणि बोली पक्की करायला त्यांनी आप्पांपुढं हात केला.

आप्पा खुर्चीतून उभे राहिले. त्यांनी हात पुढं केला नाही. "मन्हा हात नको, काका," ते म्हणाले. "हात तिले द्या."

योगिता दारात होती, पुरणानं हात भरलेले. तिनं ते पदराला पुसायला घेतले तर आप्पा म्हणाले, "राहू दे तसाच." छगनकाका क्षणभर घुटमळले. मग त्यांनी आपल्या सालदाराच्या मुलीचा हात हातात घेतला आणि बोली पक्की केली. आप्पा बाजूला सरून ते बघत उभे राहिले, दोन्ही हात पाठीमागं बांधून, मालक माणूस बांधावर उभा राहतो तसे.

आप्पांना मी पाहिलं ते शेवटचं.